साळिंदर, नग एक

साळिंदराकडे कधी समोरून बघू नये, असं उस्मानभाईंचं म्हणणं होतं. समोरून सगळी साळिंदरं सारखीच. तेच बोथट नाक, तेच बारीक डोळे, तेच पिवळट दात. "वळख मागून पटती," ते म्हणायचे. आणि हे ते इतक्यांदा, इतक्या लोकांना, इतकं चिडून म्हणायचे की ऐकणाऱ्याला साळिंदरापेक्षा त्यांचीच भीती वाटायची.

उस्मानभाई आमच्या बागेत जनावरं सांभाळायचे. गारखेड्याच्या पुढे, जिथे आता दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे तेव्हा शेतं होती आणि शेतांच्या मधोमध एका जहागीरदारांची जुनी आमराई. जहागीरदारांना जनावरांचा शौक. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेली, घरातली माणसं कुणी हैदराबादला, कुणी त्याहूनही लांब गेली आणि मागे राहिली ती जनावरं आणि त्यांना सांभाळणारा एक माणूस. तो माणूस म्हणजे उस्मानभाईंचे वडील. पुढे गावातल्या चार वजनदार लोकांनी विश्वस्त मंडळ काढलं, आमराईला फाटक बसवलं, फाटकावर तिकीट ठेवलं आणि तिची बाग झाली. वडिलांच्या मागे उस्मानभाई कामाला लागले. मी त्या मंडळाचा एकुलता एक कारकून. टायपिंग, पत्रव्यवहार आणि जनावरांचं रजिस्टर, एवढं माझं काम. या गोष्टीत माझा भाग तेवढाच आहे. तेवढाही नसता तर बरं झालं असतं.

उस्मानभाई अंगानं काटकुळे, उंच, मानेत किंचित वाकलेले. खाकी शर्टाच्या दोन्ही खिशांत कायम भुईमुगाच्या शेंगा. चहा बशीत ओतायचे आणि फुंकर न मारता तो निवेपर्यंत बशीकडे बघत बसायचे. निवला की एका घोटात संपवायचे. घाई कशाचीच नाही, पण राग मात्र सतत नाकावर. बागेत येणारं प्रत्येक कुटुंब साळिंदराच्या पिंजऱ्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचं, "हे काटे फेकून मारतं ना हो?" पहिल्या चौघांना उस्मानभाई नीट सांगायचे की काटे झडतात, टोचतात, पण फेकले जात नाहीत. पाचव्याचं नशीब फुटायचं. "तुमाला राग आला का तुमी डोक्याचे केस फेकून मारता व्हय?" एकदा हा पाचवा माणूस नेमका टकला निघाला आणि मला तक्रार लिहून घ्यावी लागली.

पण त्यांचं खरं भांडण लोकांशी नव्हतं. ते होतं माझ्या टेबलावरच्या रजिस्टराशी.

जहागीरदारांच्या वेळचं रजिस्टर उर्दूत होतं. उस्मानभाईंनी ते घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि एकदा मला आणून दाखवलं. त्यात प्रत्येक जनावराला स्वतःचं पान. वर नाव, खाली हुलिया. हुलिया म्हणजे अंगावरच्या खुणा: कान कुठे फाटलाय, कुठलं नख नाही, शेपूट कशी, चालताना कुठल्या पायावर जोर देतं. वडील जनावरापाशी उभे राहून सांगायचे आणि मुन्शी लिहून घ्यायचा. एका काळविटाचा हुलिया दीड पान होता. आमच्या मंडळाच्या रजिस्टरात सहा रकाने होते: प्रकार, नग, आवक, जावक, शिल्लक, शेरा. हरिण, नग सात. मोर, नग पाच. साळिंदर, नग एक.

"नग म्हंजे काय टाकळकरभाऊ? टेबल हाय का ते?" उस्मानभाई विचारायचे.

"छापील रजिस्टर आहे उस्मानभाई. रकाने मी पाडलेले नाहीत."

"शेऱ्याचा रकाना मोकळाच दिसतुया की. तितं लिवा हुलिया."

त्या रकान्याची रुंदी अंगठ्याएवढी होती. त्यात "मृत" हा शब्द जेमतेम बसायचा आणि बहुतेक वेळा तोच लिहावा लागायचा.

अशात एका वर्षी आमखास मैदानावर उतरलेली सर्कस मोडली. मालकाला जी जनावरं पुढे नेणं परवडत नव्हतं ती त्यानं गावात वाटली. आमच्या वाट्याला आली एक साळिंदर मादी, चमेली. सोबत कागद: "साळू, एक." बागेत तेव्हा एक म्हातारं साळिंदर होतंच. मी रजिस्टरात लिहिलं: साळिंदर, आवक एक, शिल्लक दोन. शाई वाळायच्या आत उस्मानभाई दारात.

"हे आपलं न्हवं."

"म्हणजे? सर्कसवाल्यानं दिलंय, कागद आहे."

"कागदाचं नाय म्हनत मी. हे आपल्या मुलकाचं न्हवं. चला."

त्यांनी मला हाताला धरून पिंजऱ्यामागे नेलं. म्हाताऱ्याची शेपटी आणि शेपटीच्या वरचा भाग पांढऱ्या काट्यांनी भरलेला होता, पीठ सांडल्यासारखा. चमेलीचं तिथलं सगळं काळंभोर. बाकी तुरा, उंची, काट्यांचे पट्टे, सगळं इतकं सारखं की मी एकटा असतो तर जन्मात फरक कळला नसता. एकदा दिसल्यावर मात्र दुसरं काही दिसेना. "सर्कशीच्या मानसाला इचारलं मी," उस्मानभाई म्हणाले. "हिची आई जहाजातून आली. आफ्रिकेची. ही पिंजऱ्यात जन्मली, पिंजऱ्यात वाढली. हिला बीळ म्हायती नाय, वाघ म्हायती नाय. हिचं पान येगळं पायजे."

मी म्हटलं, बघू.

औरंगपुऱ्यातले एक भटजी अधूनमधून उस्मानभाईंकडे यायचे. गरोदर बाईचा भांग साळिंदराच्या काट्यानं पाडायचा एक विधी असतो, त्यासाठी तीन पांढरे पट्टे असलेला काटा लागतो. उस्मानभाई रोज झाडताना सापडलेले काटे निवडून ठेवायचे आणि भटजींना द्यायचे. एकदा भटजींनी घाईत चमेलीच्या बाजूचा एक सुरेख काटा उचलला, तर उस्मानभाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "ह्यो नक्को महाराज. ही आफ्रिकेची हाय. तुमच्या मंत्रात हिचं नाव नसनार. आपलं घ्या." भटजी म्हणाले, "उस्मानभाई, तुम्ही माझ्यापेक्षा कडक." फरक मान्य करणारा सबंध शहरात तो पहिला माणूस.

दुसरे एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थी घेऊन आले, काखेत जाड पुस्तक. ते चमेलीचा चेहरा बघायला पुढून गेले, चमेलीनं पाठ फिरवली. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, तिनं पुन्हा पाठ फिरवली. घाबरलेलं साळिंदर पाठच दाखवतं, काटे तिकडेच असतात. असे चार फेरे झाल्यावर उस्मानभाईंना राहवेना. "सर, ती दावतीय ते बघा की! तुमी तोंडाकडंच पळताय!" प्राध्यापक थांबले, बघितलं, पुस्तक उघडलं आणि मुलांसमोर म्हणाले की हे गृहस्थ म्हणतात ते बरोबर आहे, ही आफ्रिकन जात आहे. भला माणूस. त्यानं मंडळाला तसं पत्रही लिहिलं.

ते पत्र मी व्यवस्थापक डहाळ्यांपुढे ठेवलं. डहाळे वाईट नव्हते. त्यांना फक्त कुठल्याही कागदाची भीती वाटायची. म्हणाले, "नवीन प्रकार लिहायचा तर साळिंदरातून एक कमी करावं लागेल. मग कमी झालेलं कुठं गेलं? आणि हे नवीन आलं कुठून? त्याचा आवक कागद कुठाय? पिंजऱ्यात दोन आहेत ना? रजिस्टरात दोन आहेत ना? मग झालं की! फाईलला लावा." मी लावलं. पुढच्या उन्हाळ्यात म्हातारं साळिंदर गेलं, तेव्हा मी शेऱ्यात "मृत" लिहिलं आणि शिल्लक एक. कुठलं गेलं आणि कुठलं उरलं, हे रजिस्टर वाचून देवालासुद्धा कळलं नसतं.

उस्मानभाईंनी मग औरंगपुऱ्यातल्या पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली, "आफ्रिकन साळिंदर". डहाळ्यांनी ती उतरवली. मंजुरीशिवाय पिंजऱ्यावर पाटी लावता येणार नाही. उस्मानभाईंनी नियम नीट ऐकून घेतला, पाटीला सुतळी बांधली, ती स्वतःच्या गळ्यात घातली आणि पिंजऱ्याशेजारी उभे राहिले. आख्खा रविवार. लोक विचारायचे, "चाचा, तुमीच का आफ्रिकन?" ते म्हणायचे, "मी म्हना नायतर ती म्हना, पन वाचा!" आम्ही ऑफिसात पोट धरधरून हसलो. आज ते आठवलं की लाज वाटते.

मग फुलंब्रीकडचा एक शेतकरी बैलगाडीतून पोत्यात बांधलेलं साळिंदर घेऊन आला. तारेच्या फासात पाय अडकलेला. "शेंगाचं समदं रान उकरलं ह्यानं," तो म्हणाला. "मारनारच हुतो, पर पोरगी रडाया लागली." नर होता, तरणा, शेपटी पांढरीफेक. उस्मानभाईंनी दीड महिना त्याच्या पायाला औषध लावलं. पाय बरा झाला आणि जनावर बिथरलं. लाकडी दार कुरतडायचं, सिमेंटची जमीन उकरून उकरून नखांतून रक्त काढायचं. उस्मानभाईंनी त्याला नाव दिलं नाही. "नाव ठिवलं का जनावर अडकतं. हे पावनं हाय. ह्याला डोंगरात सोडा, लई उपकार हुतील."

हे त्यांनी पावसाळाभर लावून धरलं. डहाळ्यांपाशी, माझ्यापाशी, मंडळाच्या प्रत्येक सभेच्या दिवशी दाराबाहेर उभं राहून. शेवटी अध्यक्ष आबासाहेबांना ती कल्पना आवडली. जनावर जंगलात सोडायचं, पेपरवाले बोलवायचे, फोटो. ठराव झाला, परवानगी आली आणि ऑर्डर टाइप करायला माझ्याकडे आली. उस्मानभाई टेबलाला टेकून उभे होते.

"काय लिवलं?"

"संग्रहातील साळिंदर, नग एक, कन्नडच्या डोंगरात सोडण्यात यावे."

"कोनतं?"

"अहो, तुम्हाला माहीत आहे की कुठलं."

"मला म्हायती हाय. कागदाला म्हायती नाय. हुलिया लिवा. नर, शेपटी पांढरी, उजव्या पायाला व्रन."

"उस्मानभाई, अध्यक्षांच्या सहीच्या कागदात मी शेपटी कशी लिहू?"

मी हसत म्हणालो होतो. ते हसले नाहीत. मग त्यांनी नराच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढू का, म्हणून डहाळ्यांना विचारलं. डहाळे म्हणाले, फोटोत वाईट दिसेल. मग त्यांनी दोन खणांच्या मधली जाळी पक्की केली, डहाळ्यांना दोनदा नेऊन कुठलं डावीकडे, कुठलं उजवीकडे ते दाखवलं आणि वचन घेतलं की गुरुवारी, सोडायच्या दिवशी सकाळी, उस्मानभाई स्वतः जनावर पेटीत घालतील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. डहाळ्यांनी मान हलवली.

आबासाहेबांना बुधवारी मुंबईला जायचं निघालं आणि कार्यक्रम मंगळवारी आला. मंगळवारी उस्मानभाईंची सुट्टी. ते लेकीकडे पैठणला गेलेले. निरोप पाठवू या, असं मी म्हणालो, पण कुणाबरोबर पाठवणार? आबासाहेब येऊन खुर्चीत बसले होते.

नराच्या खणाला पेटी लावली. त्यानं काटे फुलवले आणि पाठमोरा अस्सा अंगावर आला की झाडूवाल्याच्या बुटात काटा घुसला. दोन वेळा, तीन वेळा तेच. पेपरवाला घड्याळ बघायला लागला. पलीकडच्या खणात चमेली दाराशी येऊन उभी होती. नराला भुलवायला आणलेल्या शेंगांचा वास आला होता तिला. डहाळ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेटी उचलून तिच्या दाराला लावली, आत चार शेंगा टाकल्या. चमेली आपल्या पायांनी चालत पेटीत गेली.

तिची पाठ मला दिसली. काळी. इतक्या वर्षांत उस्मानभाईंनी मला दुसरं शिकवलं तरी काय होतं?

"साहेब, हे ते नाही," मी म्हणालो.

"साळिंदर आहे का नाही?" डहाळे हळू आवाजात म्हणाले.

"आहे."

"ऑर्डरीत काय आहे?"

"साळिंदर, नग एक."

"मग?"

मी ऑर्डरीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. पोरं शिकत होती, पुंडलिकनगरात घराचं बांधकाम काढलं होतं, अशी कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एकच, चारचौघांत वाईटपणा घ्यायला मी घाबरलो.

कागदावर सह्या घ्यायच्या म्हणून जीपमधून मीही गेलो. डोंगराच्या पायथ्याशी पेटी उघडली. चमेली बाहेर येईना. पेटी तिरपी करून तिला गवतात ओतावं लागलं. ती उठली, जंगलाकडे पाठ केली आणि आमच्याकडे चालत आली. एकेकाच्या हाताशी नाक नेऊन वास घेत होती. आबासाहेब भारावून म्हणाले, "बघा, मुकं जनावर, पण निरोप घेतंय!" फोटो निघाला. आम्ही जीपमध्ये बसून परत निघालो तेव्हा ती जीपच्या मागे थोडी पळाली. पळता येत नव्हतं तिला, सवयच नव्हती.

बुधवारी उस्मानभाई आले. मी वाट बघत होतो की ते ओरडतील. त्यांनी रिकामा खण बघितला आणि मला एवढंच विचारलं, "कुठं?" मी जागा सांगितली, झाडासकट. ते तसेच एसटी स्टँडवर गेले.

सहा दिवसांनी परतले. तिकडच्या वस्तीतल्या लोकांना वाटलं, चमेली चमेली म्हणून हाका मारत फिरणाऱ्या या माणसाची लेक हरवलीय. दोन दिवस बिचारे त्यांच्याबरोबर रान पालथं घालत हिंडले. साळिंदर आहे म्हटल्यावर शिव्या देऊन घरी गेले. उस्मानभाई पुढे एकटेच शोधत राहिले. काही मिळालं नाही. काटासुद्धा नाही.

मग ते पेपरातला फोटो घेऊन आबासाहेबांच्या बंगल्यावर गेले. बरोबर मी होतो, त्यांनी ओढून नेलं म्हणून. "सायेब, हे बघा. मागं काळं हाय. आपलं पांढरं असतं. चुकीचं गेलं. आता खरं हाय त्याला तरी सोडा. ते जाळीला डोकं आपटून मरंल."

आबासाहेबांनी चष्मा लावून फोटो निरखला. "उस्मानभाई, पेपरात फोटो काळाच येतो. माझा कोट बघा, पांढरा होता, कसा आलाय?" आणि मला म्हणाले, "एक सोडायचा ठराव होता, एक सोडलं. आता दुसरं सोडायचं तर लोक विचारतील, पहिलं काय होतं. हो ना टाकळकर?"

मी काय म्हणालो असेन, ते सांगायला नको.

नर पिंजऱ्यातच राहिला. उस्मानभाई त्याचं सगळं करायचे, पण त्या दिवसापासून त्यांनी लोकांशी भांडणं सोडून दिलं. कुणी विचारलं, काटे फेकून मारतं का, तर म्हणायचे, "हौ, मारतं." ते ऐकून मला फार वाईट वाटायचं. त्यांचा राग हीच त्यांची हुशारी होती आणि ती आम्ही मिळून मारली होती.

दीड वर्षानं ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चार्ज द्यायला माझ्या टेबलासमोर बसले. मी यादी पुढे केली. हरिण, मोर, साळिंदर नग एक. त्यांनी सही केली नाही. "कोनतं एक?" त्यांनी विचारलं, पहिल्यासारखं चिडून नाही, दमून.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी कुणाला न विचारता रजिस्टर ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यातून बाहेर, समासात, उभं-आडवं जिथे जागा मिळेल तिथे लिहीत गेलो. नर, आपल्याकडचा, फुलंब्रीच्या रानातला, शेपटी पांढरी, उजव्या पायाला व्रण. मी वाचून दाखवत होतो, ते मान हलवत होते. मग त्यांनी सही केली.

"आता मागचं पान काडा," ते म्हणाले. "तिचं."

मी पान काढलं. तिथेही समासात लिहिलं: मादी, नाव चमेली, आफ्रिकन, सर्कशीतून आलेली, पाठीमागे काळी.

"फुडं काय हाय?"

"जावक एक. शेरा, जंगलात सोडले."

"सोडलं खोडा," उस्मानभाई म्हणाले. "ज्याला जाता येतं त्याला सोडत्यात. तिला टाकलं. टाकलं लिवा."

बाहेर व्हरांड्यात डहाळ्यांच्या चपला वाजल्या. निरोपाचा हार घेऊन ते येत होते.

"लिवा ना, टाकळकरभाऊ. येकच शब्द हाय."

मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो, "उद्या बघू." उद्यापासून ते येणार नव्हते.